सत्तावीसशे उचंत

“ऑडिटला कोण आलंय, भाऊसाहेब?”

“या मॅडम, सर. सोलापूरहून, बलदवा साहेबांच्या ऑफिसातून.”

मी खुर्चीतून उठले नाही. बी.कॉम.ची तीन वर्षं हा माणूस वर्गात आला की मी उठून उभी राहत होते. त्या दिवशी हातातल्या व्हाउचरवर हिरव्या पेनानं टिक केली, पान उलटलं आणि मग सावकाश वर पाहिलं. आष्टेकर सर दारात उभे होते. केस थोडे पांढरे झाले होते, बाकी तसेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तांबडं आणि निळं अशी दोन पेनं.

“तोडकर?” ते म्हणाले.

“उज्ज्वला तोडकर. चौऱ्याण्णवची बॅच.”

“अरे वा. म्हणजे आर्टिकलशिप करतेस... करताय?” त्यांनी मुजावर भाऊसाहेबांकडे बघून हसून घेतलं. “अकाउंट्स शिकवणाऱ्याला हेच तर सुख. कोणी बँकेत चिकटतं, कोणी साखर कारखान्यात, कोणी व्यापाऱ्यांचे सेल्स टॅक्सचे कागद भरतं. तुम्ही तर थेट सी.ए. व्हायला निघालात. आमचाच हात लागलाय म्हणायचा.”

“लागलाय सर,” मी म्हटलं. “चांगलाच लागलाय.”

सर घसा खाकरून निघून गेले. मुजावर भाऊसाहेब कॉलेजचे हेडक्लार्क. पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून माझ्या टेबलावरचा पंखा लावला.

खरं सांगते, मी त्या ऑडिटला पगारासाठी आले नव्हते. आर्टिकलला पगार कसला, एस.टी.चं भाडं सुटलं तरी नशीब. मी त्या माणसाला धरायला आले होते. आमच्या ऑफिसात ऑडिटची यादी लागली, त्यात आमच्या गावच्या कॉलेजचं नाव दिसलं, आणि मी पुढे होऊन ते मागून घेतलं. आपलं जिथं काही देणंघेणं असेल तिथं ऑडिटला जायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी साहेबांना सांगितलंच नाही की मी त्याच कॉलेजची, आणि त्याच कॉलेजात मला चोर ठरवलंय.

झालं होतं ते असं. शेवटच्या वर्षाला मी वाणिज्य मंडळाची चिटणीस होते. डिसेंबरात आमची अभ्यास सहल कोल्हापूरला गेली, एक साखर कारखाना आणि एक बँक बघायला. मुलांकडून गोळा केलेली रोकड माझ्याकडे, पत्र्याच्या डब्यात. सर खर्चाला मागतील तसे मी त्यांच्या हातात देत गेले. बसवाल्याला दे, जेवणाचे दे. कॅशबुक सर स्वतः लिहायचे. मी किती दिले त्याची चिठ्ठी काही घेतली नाही. विभागप्रमुखांकडे चिठ्ठी मागायची म्हणजे काय, माझी जीभ तरी वळली असती का?

जानेवारीत सरांनी हिशोब जुळवला आणि भर वर्गात मला उभं केलं. सत्तर पोरं समोर.

“डब्यात सत्तावीसशे रुपये कमी आहेत. कुठे गेले, तोडकर?”

“माहीत नाही सर.”

“ताळेबंदाला तोंड असतं, ते बोलतं. तुझं तोंड का गप्प आहे?”

मी रडायला लागले. रडणारी पोरगी म्हणजे चोरच, असं सगळ्यांनी धरलं. सर म्हणाले, पोलिसात देत नाही, वडिलांना बोलाव.

माझे वडील, तात्या, भुसार बाजारात तोलार होते. तोलार म्हणजे मालाचं वजन करणारा. काट्यावर पोतं चढतं, तोलार आकडा पुकारतो, आणि त्या आकड्यावर माल आणणारा पैसे घेतो आणि अडत्या पैसे देतो. दोघांचा विश्वास त्या एका माणसाच्या तोंडावर. तात्यांनी एकवीस वर्षं बुरगुटे शेठच्या दुकानावर आकडा पुकारला होता. कोणी म्हणून दुसऱ्यांदा वजन करा म्हटलं नव्हतं.

तात्या आईची बोरमाळ मोडून कॉलेजात आले. सरांच्या केबिनबाहेर वहाणा काढल्या. शंभराच्या सत्तावीस नोटा टेबलावर ठेवल्या. सर, दोन शिपाई, मी आणि बुरगुटे शेठचा पुतण्या, जो आमच्याच वर्गात होता आणि फीचं काहीतरी विचारायला आला होता, एवढी माणसं तिथं. सरांनी नोटा मोजल्या आणि तात्यांना म्हणाले, “पोरीला शिकवण्याआधी हात आवरायला शिकवा.”

तात्यांनी बाहेर येऊन वहाणा घातल्या. वाटेत मला एकदाच विचारलं, “तू घेतलेस?”

“नाही.”

“बरं.”

एवढंच. पुन्हा त्या विषयाचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात कुजबुज सुरू झाली. आठवड्यानं बुरगुटे शेठनी तात्यांना बोलावून घेतलं. “तात्या, माझा तुमच्यावर विश्वास हाय. पण लोकांच्या तोंडाला कुठं हात लावू? ज्याच्या घरात असं झालं त्याच्या काट्यावर माल टाकायचा का, म्हणत्यात.” काटा गेला. बाजारात अडत्यांची चौदा दुकानं. तात्या चौदाच्या चौदा दुकानं फिरले, उभ्या उभ्या कोणतंही काम द्या म्हणाले. कोणी चहा पाजला, कोणी तेही नाही. शेवटी बाजार समितीनं दया म्हणून फाटकावर राखणदार केलं. खाकी शर्ट, काठी आणि येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायची वही.

मार्चात मी सरांकडे बँकेच्या नोकरीसाठी दाखला मागायला गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तुझ्या चारित्र्याचा दाखला मी कसा देऊ?” त्या दिवशी मी ठरवलं की ह्या माणसाला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नव्हतं, पण सोडणार नाही.

पुढं दोन वर्षं सोलापुरात दिवसभर व्हाउचरं तपासली आणि पहाटे उठून अभ्यास केला. एकदा एका तेलगिरणीत बेरीज जुळेना. पाचशे चाळीसचा फरक. सवयीनं मी नऊने भागलं, साठ आले, आणि दहा मिनिटांत चूक सापडली. लिहिणाऱ्यानं दोन आकडे उलटे टाकले होते. उलटे आकडे पडले की फरकाला नऊने नेमका भाग जातो, ही युक्ती कॉमर्सच्या पोराला पहिल्याच वर्षी शिकवतात. आम्हाला ती आष्टेकर सरांनीच शिकवली होती. आणि तिथं, त्या खाद्यतेलाच्या वासात, माझा हात थांबला. सत्तावीसशे भागिले नऊ. तीनशे. बाकी काही नाही.

वर्गात मी पहिली येत होते. पण त्या जानेवारीत मला साधा एक भागाकार सुचला नव्हता, कारण मी रडत होते. ह्याचा राग सरांपेक्षा मला माझाच जास्त आला.

तर अशी मी त्या जूनच्या सुरुवातीला कॉलेजात बसले होते. दोन दिवस मुकाट्यानं काम केलं. फी, पगार, प्रयोगशाळेची खरेदी. तिसऱ्या दिवशी सकाळी देण्यांची यादी काढली आणि त्यात अगदी तळाला एक ओळ दिसली. वाणिज्य मंडळ, उचंत, २,७००.

उचंत खातं म्हणजे कुठं टाकायचं ते कळत नाही, किंवा सांगायचं नसतं, त्या रकमेची जागा. तात्पुरती म्हणून ठेवायची आणि लवकर निकालात काढायची. ही रक्कम तिथं दोन वर्षं पडून होती.

“भाऊसाहेब, ह्याचा तपशील लागेल. मंडळाचं कॅशबुक आणि व्हाउचर फाईल, त्र्याण्णव-चौऱ्याण्णव.”

मुजावर भाऊसाहेब उठले. मला वाटलं कपाट धुंडाळतील, तास जाईल. त्यांनी स्वतःच्या टेबलाचा खण उघडला आणि फाईल माझ्यासमोर ठेवली.

“मागच्या वर्षीच्या ऑडिटरनं मागितली नव्हती,” ते म्हणाले. “मागायला पाहिजे होती.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला दोन पोरी हायेत, मॅडम. आणि नोकरीची आठ वर्षं राहिलीत.” एवढं बोलून ते चहाला निघून गेले.

मी पान उघडलं. अकरा डिसेंबर, बस भाडे, ३,६००. त्यावर तांबड्या शाईनं रेघ मारून वर लिहिलं होतं ६,३००. बाजूला सरांची सही आणि तारीख, चौदा फेब्रुवारी. मागं बसवाल्याची पावती टाचलेली, सहा हजार तीनशेची. आणि त्याच चौदा फेब्रुवारीला त्याच हस्ताक्षरात खाली नोंद, उचंत खाती जमा रुपये २,७००. कोणाचे, ते लिहिलेलं नव्हतं. तात्यांनी पैसे भरले होते बावीस जानेवारीला. म्हणजे तेवीस दिवसांनी सरांना कळलं होतं की चूक त्यांच्या हातची आहे. त्यानंतर त्यांनी मला दाखला नाकारला. त्यानंतर दोन वर्षं तात्या फाटकावर उभे.

मला आनंद झाला. लपवत नाही, चांगला पोटभर आनंद झाला. कॅशबुक उचललं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, एक शंका होती.”

“बोला.”

“दोन नोंदींत सत्तावीसशेचा फरक आहे. नऊने भागा.”

त्यांनी पान पाहिलं. चेहरा उतरला, तरी आवाज शिक्षकाचाच ठेवला. “हे जुनं प्रकरण...”

“भागा ना सर. वर्गात तुम्ही तोंडी करायला लावायचे.”

“तीनशे,” ते म्हणाले.

“बाकी?”

“शून्य.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चूक होते माणसाकडून, उज्ज्वला.”

“चूक अकरा डिसेंबरला झाली. चौदा फेब्रुवारीला काय झालं?”

“सत्तर पोरांसमोर तुला बोललो होतो. विभागप्रमुख होतो मी. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? म्हटलं, परीक्षा होऊ दे, गुपचूप परत करू. मग राहून गेलं.” मग त्यांनी मान वर केली, आणि त्या डोळ्यांत चक्क अभिमान होता. “पण एक लक्षात घे. ते पैसे मी उचंतला ठेवले. त्यातला एक रुपया खाल्ला नाही.”

“मीपण नव्हता खाल्ला, सर.”

त्यांनी खण उघडला, बंद केला. व्याजासकट चार हजार देतो म्हणाले. कुठल्याशा बँकेचा मॅनेजर त्यांचा विद्यार्थी आहे, उद्या शब्द टाकतो म्हणाले. मी ऐकून घेतलं.

“उद्या मंगळवार,” मी म्हटलं. “अकरा वाजता बाजारात सौदे निघतात. बुरगुटे शेठच्या दुकानासमोर यायचं आणि माझ्या वडिलांना हे सगळ्यांदेखत सांगायचं.”

“बाजारात? अगं, मी घरी येतो. पाया पडतो त्यांच्या.”

“घरात त्यांना कोणी चोराचा बाप म्हटलं नाही. बाजारात म्हटलं.”

“आणि नाही आलो तर?”

“तर ह्या पानाची प्रत, तारखांसकट, संस्थेच्या अध्यक्षांकडे. प्राचार्य निवडायची बैठक वीस तारखेला आहे ना? तुमचंही नाव आहे त्यात.”

त्यांचा संताप उफाळून आला. “तू धमकी देतेस मला? ऑडिटर म्हणून आलीस तू इथं.”

“हो, देते.”

धमकीच होती ती. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली सहा आर्टिकल आहेत, आणि त्यांतल्या एकानं असं केलं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवीन. बलदवा साहेबांनी मला घरी पाठवलं नाही. मी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, कॉलेजचं उरलेलं ऑडिट काढून घेतलं आणि दोन महिने दाभण-दोरा घेऊन जुन्या फायली शिवायला बसवलं. त्या मी गाणी म्हणत शिवल्या.

मंगळवारी पावणेअकराला मी बाजारात गेले. तात्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते फाटकावर ट्रकचा नंबर लिहीत होते.

“कॉलेजात काम हाय म्हणालीस ना?”

“आहे. पण तुम्ही जरा बुरगुटे शेठच्या दुकानाकडे चला.”

“तिकडं माझं काय काम?”

“चला म्हणते ना, तात्या.”

वही काखेत मारून ते आले. गेली दोन वर्षं ते त्या दुकानासमोरून जायचं टाळत होते, मागच्या बोळातून फिरून जायचे. दुकानासमोर ज्वारीचे आणि हरभऱ्याचे ढीग पडले होते. बोली बोलणारा अजून यायचा होता. हमाल, माल घेऊन आलेले लोक, अडते मिळून शंभरएक माणूस असेल. बुरगुटे शेठनी आम्हाला पाहून नजर दुसरीकडे वळवली.

अकराला पाच कमी असताना सर स्कूटरवरून आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. निम्मं मन म्हणत होतं, न आले तर बरं, मग प्रत पाठवायला मिळेल. स्कूटर लावून ते आले, तात्यांसमोर उभे राहिले आणि खाली बघत पुटपुटले.

“सोपानराव, त्या पैशांचा घोळ माझ्या हातून झाला होता. तुमच्या मुलीनं काही घेतलं नव्हतं.”

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही दिसेना. मला एकदम धास्ती वाटली. तात्या भिडस्त माणूस. आता म्हणतील, जाऊ द्या सर, होतं असं, तुम्ही मोठी माणसं. सगळं एवढ्यावर मातीत जाईल.

“काय म्हणाला?” तात्यांनी विचारलं.

सरांनी पुन्हा सांगितलं, थोडं स्पष्ट.

“मागं ऐकू जाईना, सर,” तात्या म्हणाले. “मोठ्यानं बोला.”

सौद्याच्या ढिगांमधली कुजबुज थांबली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहत होते. ह्या आवाजातले तात्या मी दोन वर्षांत ऐकले नव्हते. काट्यावर आकडा पुकारायचे तो आवाज होता तो.

“चूक माझी होती,” सर म्हणाले, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मी कॅशबुकात सहा हजार तीनशेचे तीन हजार सहाशे लिहिले. उज्ज्वलानं एक रुपया घेतला नव्हता. मला हे तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

शेवटची दोन वाक्यं मी सांगायला सांगितलेली नव्हती. ती त्यांची त्यांनी म्हटली, एवढं श्रेय त्यांना देते.

त्यांनी खिशातून पाकीट काढून पुढं केलं. तात्यांनी नोटा मोजल्या. सत्तावीस ठेवून घेतल्या, वरच्या परत दिल्या. “येवढंच दिलं हुतं.”

बुरगुटे शेठ गादीवरून उठून बाहेर आले. “तात्या, झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासून काटा तुमचा. या सकाळी.”

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नोटा घडी करून आतल्या खिशात घातल्या, वही काखेत नीट धरली आणि सरांना म्हणाले, “चला.”

“कुठं?”

“फुडच्या दुकानात. मी काम मागत चौदा दुकानं फिरलो हुतो, सर. हे येक झालं.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला स्वतःलाच कसंतरी झालं. मागितलं होतं त्यापेक्षा मला जास्त मिळालं होतं, आणि समोर एक पन्नाशीचा माणूस घामानं भिजून उभा होता.

“तात्या,” मी हळू म्हटलं, “पुरे आता. झालं ना.”

“तुझं झालं आसंल,” ते म्हणाले. “माझं न्हाई.”

ते पुढं चालायला लागले आणि सर त्यांच्या मागून. मी तिथंच ज्वारीच्या पोत्यावर बसले. दर दुकानापाशी थोडी गर्दी जमायची, सरांचा आवाज यायचा, मग तात्यांचा, “मोठ्यानं, सर,” आणि परत सरांचा. मी बोटांवर दुकानं मोजत होते. त्या दिवशी सौदे तासभर उशिरा निघाले, पण कोणी तक्रार केली नाही.

नवव्या दुकानापाशी सरांचा आवाज बसला, शब्द फुटेना. तात्यांनी दुकानातून तांब्या मागून घेतला, स्वतःच्या हातानं त्यांना पाणी पाजलं, तांब्या परत दिला आणि दहाव्या दुकानाकडे वळले.